पाणी सोडणारा रजेवर गेला तर गावाला पाणी मिळेल का?

गावची नळयोजना कागदावर ग्रामपंचायतीची. प्रत्यक्षात ती पाणी सोडणाऱ्या एका माणसाच्या डोक्यात असते. कुठला व्हॉल्व्ह किती फेरे उघडायचा, वरच्या आळीला दाब कमी पडला तर आधी काय बंद करायचं, जुनी लाइन कुणाच्या ओट्याखालून गेलीय, हे त्यालाच ठाऊक. तो आजारी पडला की लाइन शोधायला जेसीबी लागतो. त्याचं बिल गावाच्याच पाणीपट्टीतून जातं.

संस्था आपली माहिती कशी सांभाळते, हे तपासायला शहरातला सल्लागार नको. दुसऱ्या माणसाला नुसती वही बघून पाणी सोडता येतं का, ते एक दिवस बघावं. २०१९ ला जलजीवन मिशन सुरू झाल्यापासून गावोगाव नव्या लाइनी पडल्या. त्यांचा नकाशा ग्रामपंचायतीत आहे का? 'तालुक्याला आहे' हे उत्तर कामाचं नाही, कारण लाइन रात्रीही फुटते.

दप्तर असणं वेगळं आणि सापडणं वेगळं. माहिती अधिकार कायदा २००५ च्या कलम ४ नुसार कार्यालयाने नोंदींची सूची करून त्या नीट लावून ठेवायच्या असतात. म्हणून रजिस्टर आहे का, असं विचारू नये. मोटार मागच्या वेळी कधी जळली आणि वाइंडिंगला किती खर्च आला, ते विचारावं अन् घड्याळ बघावं. कपाटाची चावी शोधण्यातच अर्धा तास गेला, तर निकाल लागलाच.

टीसीएलचं रजिस्टरही बघण्यासारखं असतं. महिनाभराच्या नोंदी एकाच शाईत, एका बैठकीत लिहिल्यासारख्या दिसल्या, तर ती माहिती नव्हे, नुसती खानापूर्ती.

नगरजवळच्या हिवरे बाजारात उलटं आहे. तिथं पाऊस मोजतात, पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेपुढे मांडतात आणि कुठली पिकं घ्यायची ते त्यावर ठरवतात. नोंद तिथं कामाला येते, म्हणून ती खरी ठेवावी लागते.

बाकी गावांनी निदान व्हॉल्व्हपासून सुरुवात करावी. पाणी सोडणाऱ्याबरोबर एक दिवस फिरावं, प्रत्येक व्हॉल्व्हचं ठिकाण मोबाइलच्या नकाशावर टाकावं, फेरे वहीत लिहावेत. तो सहजासहजी सांगणार नाही. तुटपुंज्या पगारात ही माहितीच त्याची नोकरी टिकवून आहे. तेव्हा आधी त्याचा थकलेला पगार द्यावा, मग वही काढावी.