विद्यासंकुलातील घातक कचरा: गोळा करण्यापूर्वीचा विचार

गोव्याच्या पेडणे तालुक्यातील विर्नोडा येथील संत सोहिरोबानाथ आंबिये शासकीय महाविद्यालय कला व वाणिज्य शाखांचे आहे, तर डिचोली तालुक्यातील साखळीच्या शासकीय महाविद्यालयात विज्ञान शाखाही असल्याने तेथे रसायनशाळेचा प्रश्न वेगळा निघतो. परंतु प्रयोगशाळा असो वा नसो, जळलेल्या ट्यूबलाइट, संपलेल्या बॅटऱ्या, मुदत उलटलेली औषधे, रंगाचे अर्धवट डबे आणि शौचालय स्वच्छ करण्याचे आम्ल या वस्तू प्रत्येक विद्यासंकुलात निघतातच. घनकचरा व्यवस्थापनाच्या 2016 च्या नियमांनी अशा वस्तूंना घरगुती घातक कचरा मानून ओल्या व सुक्या कचऱ्यापासून वेगळे काढले आणि त्या स्वीकारण्यासाठी दर 20 चौरस किलोमीटरमागे एक केंद्र उभारण्याची जबाबदारी स्थानिक संस्थांवर टाकली. प्रयोगशाळेतील टाकाऊ रसायनांना मात्र घातक कचऱ्याचे स्वतंत्र नियम लागू होतात, म्हणून दोहोंची साठवण एकाच कपाटात करणे कायद्याच्या आणि सुरक्षिततेच्याही दृष्टीने चुकीचे ठरते.

घरात या वस्तू विखुरलेल्या असल्याने त्यांचा धोकाही विखुरलेला राहतो. संकुलात त्या एकत्र येतात आणि खरा धोका तेथेच सुरू होतो, ही गोष्ट उत्साहाने संकलन मोहीम काढणाऱ्यांच्या सहसा ध्यानात येत नाही. ब्लीचिंग द्रवात आम्ल सांडल्यास क्लोरीन हा श्वासमार्ग जाळणारा वायू निघतो, तर लिथियम बॅटरीची दोन टोके धातूच्या तुकड्याने जोडली गेल्यास ती तापून पेट घेऊ शकते. म्हणून बॅटरीच्या टोकांवर चिकटपट्टी लावावी, फुगलेली बॅटरी इतर बॅटऱ्यांपासून दूर, कोरडी वाळू भरलेल्या धातूच्या डब्यात ठेवावी, आणि आम्ल व ब्लीच वेगवेगळ्या कडेदार तबकांत, मूळ बाटलीतच, चिठ्ठीसह ठेवावे.

ट्यूबलाइटमध्ये पारा काही मिलिग्रॅमच असतो, तरी तो साध्या तापमानालाही वाफ होऊन हवेत मिसळतो. नळी फुटल्यास खिडक्या उघडून सर्वांनी दहा-पंधरा मिनिटे बाहेर थांबावे. नंतर हातमोजे घालून तुकडे जाड पुठ्ठ्याने गोळा करावेत, बारीक भुगा चिकटपट्टीने व ओल्या कागदाने टिपावा आणि सर्व घट्ट झाकणाच्या बरणीत भरावे. केरसुणी येथे कामाची नाही, कारण तिने पारा अधिकच पसरतो. न फुटलेल्या नळ्या त्यांच्या मूळ खोक्यातच उभ्या ठेवणे हे भंगारवाल्याच्या पोत्यात टाकण्यापेक्षा कितीतरी शहाणपणाचे आहे.

गोव्यात साठवणखोली निवडताना पावसाचा विचार टाळता येत नाही. जांभ्याच्या सड्यावरून वाहणारे पाणी सच्छिद्र दगडातून मुरून विहिरींकडे जाते, त्यामुळे खोलीची जमीन सिमेंटची, भोवतालापेक्षा उंच आणि गटाराला न जोडलेली असावी. दमट हवेत पत्र्याचे डबे गंजतात, म्हणून प्लास्टिकचे पिंप आणि वायुवीजन दोन्ही हवेत. खोलीला कुलूप असावे, किल्ली ठरावीक कर्मचाऱ्याकडे असावी आणि आलेल्या प्रत्येक वस्तूची नोंद वहीत व्हावी.

डिचोलीच्या शेजारच्या सत्तरी तालुक्यात पिसुर्ले येथे घातक कचऱ्याचे प्रक्रिया केंद्र आहे, पण तेथवर माल अधिकृत वाहनानेच जायला हवा. वर्ग रंगवणे, दिवे बदलणे आणि कपाटे उपसणे ही कामे बहुधा उन्हाळी सुटीत उरकली जातात, तेव्हा पिंपे भरतात. त्यामुळे वाहनाची तारीख मृग सुरू होण्याआधीची ठरवणे हे वेळापत्रकाइतकेच कार्यालयाचे नेहमीचे काम समजले जावे.