उपनगरांची मते आणि मोजणीची रीत

भारतातील बहुतेक थेट निवडणुका साध्या मताधिक्याने लागतात. मतदारसंघात ज्याला सर्वांत जास्त मते, तो विजयी. निम्म्याहून अधिक मते हवीतच अशी अट नाही. ब्रिटनकडून घेतलेली ही पद्धत समजायला सोपी, पण हरलेल्या मतांना सभागृहात जागा न देणारी. याचा टोकाचा दाखला २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत मुंबईच्या उपनगरांतच मिळाला. जोगेश्वरी, अंधेरी, वर्सोवा, गोरेगाव, दिंडोशी अशा पसरलेल्या वायव्य मुंबईत शिवसेनेचे रवींद्र वायकर यांना ४,५२,६४४ आणि ठाकरे गटाचे अमोल कीर्तिकर यांना ४,५२,५९६ मते पडली. यंत्रांवरील मतांत कीर्तिकर एका मताने पुढे होते; टपाली मतांनी पारडे फिरवले आणि वायकर ४८ मतांनी खासदार झाले. त्याच ठिकाणी 'नोटा'ला पंधरा हजारांवर मते होती.

मते फुटली की काय होते, हे २००९ मध्ये दिसले. उत्तर मुंबईत भाजपचे राम नाईक काँग्रेसच्या संजय निरुपम यांच्याकडून ५,७७९ मतांनी पडले. ईशान्य मुंबईत किरीट सोमय्या राष्ट्रवादीच्या संजय दिना पाटील यांच्याकडून २,९३३ मतांनी. दोन्हीकडे मनसेच्या उमेदवाराने लाखाहून कितीतरी जास्त मते घेतली होती. निवडून न येताही तिसरा पक्ष निकाल ठरवतो, तो असा.

अशा पद्धतीत राजकारण दोन पक्षांकडे झुकते, असे फ्रेंच अभ्यासक मॉरिस द्युव्हर्जे यांनी मांडले. उपनगरांत दोन पक्ष काही उरले नाहीत. उरल्या त्या दोन आघाड्या, आणि त्याही अधूनमधून मोडणाऱ्या. भांडुप-विक्रोळीचा मराठी मतदार, मुलुंड-घाटकोपरचा गुजराती मतदार, शिवाय उत्तर भारतीय, मुस्लिम आणि दलित वस्त्या एकाच लोकसभा मतदारसंघात येतात. एकट्या पक्षाला हे सगळे पेलत नाही. त्यामुळे मतदानाच्या आधी जागावाटपाची जी रस्सीखेच चालते, तिथेच अर्धी निवडणूक उरकलेली असते. नेदरलँड्समध्ये याच्या उलट आहे. तिथे सारा देश हाच एक मतदारसंघ असून १५० जागा मतांच्या प्रमाणात वाटल्या जातात. छोटा पक्षही संसदेत पोहोचतो, मात्र सरकार बनायला महिनोन्‌महिने लागतात. जोडाजोड दोन्हीकडे आहेच. तिकडे ती मतदानानंतर होते, इतकेच.

पक्षाची ओळख चिन्हावर किती अवलंबून असते, हे अंधेरी पूर्वच्या नोव्हेंबर २०२२ मधील पोटनिवडणुकीने दाखवले. शिवसेना फुटल्यानंतर निवडणूक आयोगाने तिचे धनुष्यबाण हे चिन्ह गोठवल्यावर ठाकरे गटाने तिथे पहिल्यांदा 'मशाल' हाती घेतली. भाजपने उमेदवार मागे घेतला. ऋतुजा लटके ६६,५३० मते घेऊन निवडून आल्या आणि दुसऱ्या क्रमांकावर १२,८०६ मतांसह 'नोटा' राहिला.

महापालिकेच्या निवडणुकीत मुलुंडचा चेकनाका ही दोन पद्धतींची सीमा ठरते. अलीकडे मुंबईत २२७ प्रभाग, प्रत्येकी एक नगरसेवक. पलीकडे ठाण्यात १३१ नगरसेवक ३३ प्रभागांतून येतात आणि बहुतेक मतदार चार-चार मते देतात. चारांचे पॅनेल पक्षांच्या सोयीचे. त्यात दुबळा उमेदवारही खपून जातो आणि अपक्षाची दमछाक होते. तुंबलेल्या गटाराची तक्रार चौघांपैकी कोणाकडे न्यायची, हे मात्र मतदाराला उमगत नाही. या बाबतीत मुंबईची रीत निःसंशय बरी.

उपनगरातील पदवीधराला आणखी एक पद्धत अनुभवता येते. विधान परिषदेच्या मुंबई पदवीधर मतदारसंघात कागदी मतपत्रिका असते आणि केंद्रावर मिळालेल्या जांभळ्या स्केचपेनानेच उमेदवारांपुढे १, २, ३ असे पसंतीक्रम लिहावे लागतात. वैध मतांच्या निम्म्याहून अधिक मते पहिल्या पसंतीत कोणालाच मिळाली नाहीत, तर तळाचा उमेदवार बाद होतो आणि त्याची मते पुढच्या पसंतीकडे जातात. २००९ मध्ये उत्तर आणि ईशान्य मुंबईत मोजणी अशी असती, तर मनसेच्या मतदारांची दुसरी पसंती निर्णायक ठरली असती.

जून २०२४ नंतर ही निवडणूक आता २०३० मध्ये अपेक्षित आहे. विधानसभेच्या यादीत नाव आहे म्हणून पदवीधरांच्या यादीत ते आपोआप येत नाही. ही यादी दर वेळी नव्याने तयार होते. पदवी मिळून किमान तीन वर्षे झालेल्यांनी त्यासाठी नमुना १८ पुन्हा भरायचा असतो.