६४० केबीची भिंत

१९८१ साली आलेल्या आयबीएम पीसीतल्या ८०८८ प्रोसेसरला मेमरीचा पत्ता सांगण्यासाठी २० तारा होत्या. त्यामुळे त्याची पोहोच एक मेगाबाइटपर्यंतच. त्यातले वरचे ३८४ केबी आयबीएमने पडद्यावरचं चित्र, बायॉस आणि जोडकार्डांसाठी राखून ठेवले. डॉस ही ऑपरेटिंग सिस्टिम आणि सगळे प्रोग्राम उरलेल्या ६४० केबीत.

मूळ पीसी अवघ्या १६ केबीसह मिळत असे, त्यामुळे तेव्हा ही जागा ऐसपैस वाटणं साहजिक होतं. लोटस १-२-३ च्या स्प्रेडशीट्स फुगत गेल्या आणि ती अपुरी पडली. १९८५ मध्ये लोटस, इंटेल आणि मायक्रोसॉफ्ट यांनी मिळून तोडगा काढला: जादा मेमरी वेगळ्या कार्डावर ठेवायची आणि राखीव भागातल्या ६४ केबीच्या खिडकीतून तिचे तुकडे आलटून पालटून दाखवायचे. मला ही युक्ती फार देखणी वाटते.

८०२८६ प्रोसेसर १६ मेगाबाइटपर्यंत पोहोचत होता, तरी डॉस जुन्याच पद्धतीने चाले. नाहीतर लोकांनी विकत घेतलेले प्रोग्राम बंद पडले असते. ही भिंत टिकली ती मुख्यतः त्या प्रोग्रामांसाठी.