जुनी विजेरी कशी उजळावी ?

महाडास सावित्री व गांधारी या नद्या एकमेकींस मिळतात, आणि पावसाळ्यांत त्या बाजारपेठेपर्यंत चालून येतात हें येथील लोकांस सांगावयास नको. ता. २२ जुलै २०२१ रोजीं शहर पाण्याखालीं गेलें. त्याच दिवशीं तळिये येथें, व पोलादपूर तालुक्यांत साखरसुतारवाडी आणि केवनाळे येथें दरडी कोसळल्या. वीज गेली, मोबाईलही मुके झाले. अशा रात्रीं म्हाताऱ्यांस धरून माळ्यावर चढावयाचें तर हातीं विजेरी हवी. पुष्कळ घरीं ती असतेही. आजोबांच्या वेळची, पितळी, दोन मोठ्या सेलांची. परंतु कळ सरकवितांच तींतून पिवळट मिणमिण तेवढी बाहेर पडते, आणि "मोडींत घाला" असा निकाल लागतो. तो आम्हांस मान्य नाहीं.

सेलांतून निघालेला विजेचा प्रवाह दिव्याच्या तारेंतून, पितळी अंगावरून, कळेंतून व बुडाच्या स्प्रिंगमधून परत येतो. कोंकणच्या दमट हवेंत या वाटेवरील प्रत्येक सांधा गंजतो. दोन ताज्या सेलांचा दाब तीन व्होल्ट, पैकीं ०.३ व्होल्ट गंजांतच खर्ची पडला, तर दाब दशांशानेंच घटतो, पण उजेड जवळजवळ एक-तृतीयांशानें घटतो. तापल्या तारेचा स्वभावच तसा. म्हणून स्प्रिंगचें टोक, कळेची पट्टी व दिव्याचें बूड बारीक पॉलिशपेपरानें घासून लखलखीत करावें. यास खर्च जवळजवळ नाहींच. दिव्यामागील चकचकीत वाटीस मात्र बोट लावूं नये. तिचा मुलामा निघून येतो. फुंकर पुरे.

खरा लाभ दिवा बदलण्यांत आहे. जुन्या दिव्याच्या गळ्यावर बहुधा २.५ व्होल्ट, ०.३ अँपियर असें कोरलेलें असतें, म्हणजे पाऊण वॅट. आणि त्यांतील बहुतेक शक्ति उष्णतेंतच जाते. एलईडी दिवा तेवढ्याच विजेंत निदान पांचपट उजेड देतो. (ज्या निळ्या एलईडीमुळें पांढरा एलईडी साध्य झाला, त्याबद्दल आकासाकी, आमानो व नाकामुरा यांस २०१४ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें.) जुन्या दिव्याच्याच बैठकीचा, म्हणजे आट्यांचा किंवा नुसत्या कांठाचा, एलईडी दिवा विकत मिळतो. जुना दिवा काढून दुकानीं बरोबर न्यावा. तोंडी वर्णनानें काम होत नाहीं.

येथें एक मेख आहे. पांढऱ्या एलईडीस सुमारें तीन व्होल्ट लागतात. सेल ताजे असतां तेवढे मिळतात. पण वापरतां वापरतां दाब अडीचाकडे उतरतो, आणि सेलांत पुष्कळ जीव शिल्लक असतांच दिवा मंदावतो. यास्तव दोन सेलांकरितां, दाब वाढविणारी बारीक जोडणी आंत असलेलाच दिवा मागावा, व त्यास अल्कलाइन सेल घालावे. तीन सेलांची विजेरी असेल तर दहावींत पाठ केलेला ओहमचा नियम एकदांचा कामास येतो : साडेचारांतून तीन वजा जातां दीड व्होल्ट उरला, अर्ध्या वॅटचा एलईडी ०.१ अँपियर घेतो. सबब १५ ओहमचा, पाव वॅटचा रोधक मध्यें जोडावा. रोधकावांचून जोडल्यास एलईडी थोडक्याच वेळांत जळेल.

जुन्या दिव्यास सेल उलटे घातले तरी चालत. एलईडीस चालत नाहीं. लिथियमचा सेल घालण्याचा मोह टाळावा. तो पुरता भरला असतां ४.२ व्होल्टांचा असतो. जुना दिवा त्यानें तत्काळ जळतो.

नवा सेल जुन्याबरोबर जोडूं नये. जुना लवकर गळतो व पितळ खातो. विजेरी नित्य वापरांत नसेल तर सेल काढून निराळ्या प्लास्टिकच्या पिशवींत घालावे आणि ती पिशवी विजेरीसच बांधावी, नाहीं तर दाखल्यांतील त्या पांच कुमारींसारखी ऐन वेळीं दुकान शोधण्याची पाळी यावयाची. आणि हें सर्व माळ्यावर ठेवावें. खालच्या कपाटांत पाणी आधीं शिरतें.