खिडकीच्या कांचेवरील ओरखडे

वैशाखांत जळगांव-धुळ्याकडे दुपारचा वारा सुटला कीं दारें-खिडक्या लावून घेतल्या तरी धूळ घरांत शिरते, आणि तिचा जाड थर बसतो तो तावदानांवर. ऊन उतरल्यावर घरांतील कोणी तरी कोरडें फडकें घेऊन तावदान पुसून काढतें. त्या वेळीं कांच स्वच्छ दिसते. परंतु सकाळच्या तिरप्या उन्हांत पाहिलें असतां तिच्यावर बारीक, कमानदार रेघा उमटलेल्या आढळतात. ह्या रेघा फडक्याच्या नव्हेत. फडक्याखालीं सांपडलेल्या धुळीच्या होत.

जर्मन खनिजशास्त्रज्ञ मोस ह्यानें १८१२ सालीं पदार्थांचा कठीणपणा ठरविण्यासाठीं एक श्रेणी बसविली. तींत शंखजिऱ्याला १ व हिऱ्याला १० हा अंक आहे. वरच्या अंकाचा पदार्थ खालच्या अंकाच्या पदार्थावर ओरखडा पाडतो. खिडकीच्या कांचेचा अंक सुमारें साडेपांच, गारगोटीचा ७. खानदेशची काळी माती ज्या काळ्या पाषाणापासून झाली, त्याच्या पोकळ्यांत गारगोटी व अकीक सांपडतात. जळगांवच्या परिसरांतील खाणींतून निघणारे सुंदर स्फटिक देशोदेशींच्या संग्रहालयांत मांडले आहेत. पण त्यांतील बहुतेक कांचेहून मऊ. उपद्रव करते ती त्यांच्या शेजारची गारगोटी, आणि तापी, गिरणा व पांझरा ह्यांच्या पात्रांतील वाळू.

ओरखडा म्हणजे कांचेतून कांहीं अंश निघून गेलेली चर. ती भरून काढतां येत नाहीं. ओरखडा नाहींसा करावयाचा तर त्याच्या भोंवतालची कांच त्याच्या तळापर्यंत झिजवून खालीं आणावी लागते. दुसरा उपाय नाहीं. एवढें ध्यानीं आलें म्हणजे घरोघर सांगितल्या जाणाऱ्या पुष्कळ युक्त्यांची किंमत कळते. दंतमंजनांतील खडू व खाण्याचा सोडा हे दोन्ही कांचेहून पुष्कळ मऊ. त्यांनीं मळ निघतो, ओरखडा निघत नाहीं. चुलींतील राख तर घेऊंच नये, कारण तींत रेतीचे कण असतात.

म्हणून प्रथम रेघ खरोखर ओरखडाच आहे कीं नाहीं हें पाहावें. विहिरीच्या जड पाण्याचे थेंब वाळले म्हणजे कांचेवर पांढरे ओघळ राहतात. लिंबाचा रस किंवा शिरका लावून थोड्या वेळानें धुतल्यास ते बहुधा जातात. तरीही रेघ राहिली तर तिच्यावर आडवें नख फिरवावें. नख न अडकतां सरकलें तर ओरखडा उथळ आहे, आणि श्रम सार्थकीं लागण्याचा संभव आहे. नख अडकलें तर घरगुती प्रयत्न सोडून द्यावा हें बरें.

उथळ ओरखड्यासाठीं आज सर्वांत उपयुक्त ठरलेला पदार्थ म्हणजे सेरियम ऑक्साइडची भुकटी. सेरियम हें मूलद्रव्य केरळच्या किनाऱ्यावरील मोनाझाईट वाळूंत आहे. ही भुकटी कांचेला नुसती खरवडत नाहीं. पाण्याच्या साहाय्यानें पृष्ठभागाशीं रासायनिक क्रिया करून अगदीं पातळ थर उतरवते. पूर्वीं हेंच काम लोखंडाच्या तांबड्या भुकटीनें करीत, पण तें फार सावकाश होई.

कांच धुवून ओरखड्याची जागा मागील बाजूनें मेणाच्या खडूनें आंखून घ्यावी. भुकटी पाण्यांत दाट ताकासारखी कालवावी आणि नमद्याच्या तुकड्यानें गोल गोल घासावें. फक्त रेघेवरच घासलें तर तेथें खळगा पडून बाहेरचें झाड वांकडें दिसूं लागतें. म्हणून चार बोटें भोंवतालीही घासावें. लेप वाळूं देऊं नये. हातानें घासल्यास अर्धा-पाऊण तास सहज जातो, आणि तेवढ्यानें काम होईलच असें नाहीं. यंत्रानें लवकर होतें, पण कांच तापते. एप्रिल-मे महिन्यांत येथील पारा चाळिसाच्या वर जातो, तेव्हां हें काम सकाळींच उरकावें. तापलेल्या कांचेवर थंड पाणी पडलें तर ती तडकते. कोरडी भुकटी श्वासावाटे आंत जाऊं देऊं नये. उन्हाची तिरीप अडविणारा लेप दिलेल्या कांचेवर हा प्रयोग करूं नये. ओरखड्याआधीं लेपच निघून जाईल.

खोल ओरखड्याचा प्रश्न शोभेचा नाहीं. ग्रिफिथ ह्या इंग्रज शास्त्रज्ञानें १९२० च्या सुमारास दाखवून दिलें कीं कांचेचें बळ तिच्यावरील भेगांवर अवलंबून असतें. ताण पडला कीं तो भेगेच्या टोकाशीं एकवटतो. कांच कापणारा कारागीर हिरकणीनें रेघ ओढून त्याच रेघेवर ती मोडतो, तें ह्याच तत्त्वावर. तेव्हां वावटळींत आपटणाऱ्या झडपेच्या तावदानावर असा ओरखडा असेल आणि खालीं पोरें खेळत असतील तर तावदान बदलावें. लांकडी चौकटींत हें अवघड नाहीं: कडेची जुनी लांबी काढून नवी कांच बसवावी, तीही कारागिराकडून.

रोजच्या पुसण्यांत आधीं पाणी शिंपडून धूळ वाहून जाऊं द्यावी, मग ओलें सुती फडकें वरून खालीं फिरवावें व तें वरचेवर पिळावें. घराचा गिलावा चालू असतांना तावदानांवर जुनीं वर्तमानपत्रें चिकटवून ठेवावींत. तरीही सिमेंट उडालेंच तर तें ओलें असतांनाच भरपूर पाण्यानें धुवावें. वाळल्यावर पात्यानें खरवडूं लागलें कीं सिमेंटांतील वाळूच कांचेवर फरफटत जाते.