तारीख नव्हे, तिथी बघा!

बालमित्रांनो, डिसेंबर महिन्यात आपल्या केळापूर-पांढरकवड्याकडे पहाटे उठायला किती जिवावर येतं! कानटोपी घालून शेकोटीजवळ बसलं की तिथून हलावंसं वाटत नाही. अगदी त्याच वेळी मालवणच्या किनाऱ्यावर मात्र मुलं गुडघाभर पाण्यात उभी राहून मासे धरत असतात. असं का बरं? जमीन लवकर तापते आणि लवकर निवते. समुद्राचं मात्र सगळंच सावकाश. म्हणून थंडीतही त्याचं पाणी कोमट राहतं आणि किनाऱ्याला ऊब देतं. पावसाळ्यातला खवळलेला समुद्रही या दिवसांत बराच शांत झालेला असतो. समुद्रावर मासे धरायला जायचं, तर हेच दिवस चांगले.

तुम्ही म्हणाल, "गुरुजी, मासे धरायला इतक्या लांब कशाला? आपली खुनी नदी काय वाईट आहे?" वाईट मुळीच नाही! मीही लहानपणी नदीतच गळ टाकायला शिकलो. पण नदीचं पाणी एकाच दिशेने जातं. खुनीचं पैनगंगेत, पैनगंगेचं वर्धेत, मग प्राणहितेतून गोदावरीत आणि शेवटी थेट बंगालच्या उपसागरात. समुद्राचं पाणी मात्र येतं आणि जातं. हा फरक मला पुस्तकातून ठाऊक होता. पण ठाऊक असणं वेगळं आणि कळणं वेगळं!

काही वर्षांपूर्वी मी मालवणजवळच्या एका खाडीवर गेलो होतो. दुपारी चारच्या सुमारास पाणी घोट्याएवढंच होतं. ते ओलांडून मी मधल्या वाळूच्या उंचवट्यावर गेलो आणि गळ टाकून बसलो. मासा काही लागेना, पण मन रमलं. सूर्य टेकला तेव्हा काठावरून एक म्हातारे मच्छीमार ओरडले, "गुरुजी, पाणी भरता हा! बेगीन भायर येवा!" मागे वळून पाहतो तर काय! घोट्याएवढ्या पाण्याच्या जागी वेगाने वाहणारा प्रवाह. त्यांनी होडी आणली म्हणून मी कोरडा परतलो. मला पोहता येत होतं, पण ते नदीतलं पोहणं. होडीत त्यांनी एकच प्रश्न विचारला, "आज तिथी कोणती?" मला सांगता आली नाही. त्या दिवशी त्रयोदशी होती.

मासे धरायला जाताना तिथी कशाला हवी? कारण भरती-ओहोटी होते ती मुख्यतः चंद्राच्या ओढीमुळे. चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटं उशिरा उगवतो, म्हणून भरतीही रोज तेवढीच पुढे सरकते. कोकणात याचं एक सोपं गणित आहे. तिथीला तीनने गुणा आणि चारने भागा. येईल ती भरतीची वेळ. त्रयोदशी म्हणजे तेरा. तेर त्रिक एकोणचाळीस, भागिले चार, म्हणजे पावणेदहा. सकाळी पावणेदहाला पूर्ण भरती आणि रात्रीही त्याच सुमारास. मधे साधारण सहा तासांनी, म्हणजे दुपारी पावणेचारला, ओहोटी. आता कळलं? मी ओहोटी संपताना आत गेलो होतो आणि त्यानंतर पाणी चढतच जाणार होतं! या गणितात अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो. म्हणून उत्तर काढलं, तरी तिथल्या मच्छीमारांना विचारून घ्यायचंच.

आणखी एक गोष्ट. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास भरती खूप चढते, ओहोटीही खूप उतरते. त्याला उधाण म्हणतात. अष्टमीच्या सुमारास हा चढउतार कमी असतो. त्याला म्हणतात भांग. नवख्यांनी भांगाचे दिवस निवडावेत.

म्हणून सहल ठरवताना आधी पंचांग उघडा, मग सुट्ट्यांची यादी. पालकांनो, पुढचं काम तुमचं! इथून एसटीने वर्धा किंवा नागपूर गाठायचं, रेल्वेने मुंबईच्या बाजूला जायचं आणि ठाणे किंवा पनवेलहून कोकण रेल्वे धरायची. कोकण रेल्वे १९९८ साली पूर्ण मार्गावर सुरू झाली, तेव्हापासून हा प्रवास बराच सोपा झाला आहे. उतरायचं कुडाळला. तिथून मालवण सुमारे तीस किलोमीटर. सध्या रेल्वेचं आरक्षण साठ दिवस आधी उघडतं आणि नाताळात गर्दी फार असते. तेव्हा ऑक्टोबरातच तयारीला लागा.

सामान थोडंच लागतं. गळ, तंगूस म्हणजे नायलॉनची दोरी, दोरी खाली नेणारा शिशाचा तुकडा आणि आमिषाला सुंगट. सुंगट म्हणजे कोळंबी, आपल्याकडचा झिंगाच! दोरी लाकडाच्या तुकड्याला गुंडाळा, बोटांना कधीही नाही. मोठा मासा लागला तर दोरी बोट कापते. भरती सुरू झाली की मासे खाऊ शोधत खाडीत शिरतात. तेव्हा धक्क्यावरून किंवा काठावरून गळ टाकायचा, पाण्याच्या मधे जाऊन नाही. शेंगाळा लागला तर त्याला हात लावू नका. त्याच्या परांना विषारी काटे असतात. तो मोठ्या माणसांनाच काढू द्या. होडीत बसलात, तर जीवरक्षक जाकीट हवंच.

जागाही विचारून निवडा. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरातला समुद्र १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. तिथे मासेमारीवर बंधनं आहेत. लहान मासा लागला तर परत सोडा. पिलंच धरली तर पुढच्या वर्षी मासे येणार कुठून? म्हणूनच २०२३ साली महाराष्ट्रात पन्नासाहून अधिक जातींच्या माशांसाठी किमान आकार ठरवला गेला. पापलेट राज्यमासा झाला, तोही त्याच वर्षी.

गळाला काही लागलं नाही तरी खट्टू होऊ नका. सकाळी किनाऱ्यावर जा, कदाचित रापण दिसेल. होडीतून लांबलचक जाळं अर्धवर्तुळात सोडतात आणि त्याची दोन्ही टोकं किनाऱ्यावरून पुष्कळ माणसं मिळून ओढतात. विचारून तुम्हीही दोराला हात लावा. जाळं जवळ आलं की बांगडे, तारल्या नुसत्या चमचमतात! आणि मग पकडीचे वाटे पडतात. एकट्याने ओढायचं जाळंच नव्हे ते!

त्या म्हाताऱ्या मच्छीमारांना मी निघताना नमस्कार केला. ते म्हणाले, "पुढच्या टायमाक तिथी बघून येवा." मी आजही पाण्याजवळ जाण्याआधी पंचांग बघतो. तुम्हीही सवय लावून घ्या. चला, एक गणित देतो. तुम्ही मालवणला पोचलात त्या दिवशी षष्ठी आहे. भरती किती वाजता आणि ओहोटी किती वाजता? गळ घेऊन काठावर कधी बसाल? घरी सगळ्यांसमोर सोडवून दाखवा. उत्तर बरोबर आलं, तर आई-बाबांना हळूच विचारा, "मग, आरक्षण कधी करायचं?"