उंटावरून शेळ्या हाकू नका

वाशी, नेरूळ, खारघर या बाजूला राहणाऱ्या पुष्कळ मंडळींच्या मनात एक बेत घोळत असतो. पनवेल, उरण किंवा कर्जतच्या अंगाला दहा-वीस गुंठे जमीन असावी, तीवर लहानसे घर असावे, दारात आंब्याचे झाड, चार शेळ्या आणि दहा कोंबड्या असाव्यात. शनिवारी संध्याकाळी जावे, रविवारी पहाटे कोंबड्याच्या आरवण्याने जागे व्हावे, मुलांना करडे दाखवावीत आणि सोमवारी कामावर हजर व्हावे. काहींनी हा बेत तडीसही नेला आहे. हौस चांगली आहे. तिला नावे ठेवण्यासाठी मी हे लिहीत नाही. पण आपल्याकडे एक म्हण आहे, ‘उंटावरून शेळ्या हाकणे’. पूर्वी उंट शोधावा लागे. आता खिशात मोबाइल असला की झाले. वाशीत सहाव्या मजल्यावर बसून “शेळ्यांना पाला टाकला का रे?” असे विचारता येते. पलीकडून “टाकला” असे उत्तर येते. शेळी मात्र काही बोलत नाही, आणि सगळी अडचण तिथेच आहे.

वास्तविक शेळ्या-कोंबड्या या प्रदेशाला नवीन नाहीत. सिडकोची स्थापना १७ मार्च १९७० ला झाली आणि ठाणे, पनवेल, उरण या भागांतल्या ९५ गावांच्या जमिनीवर नवे शहर उभे करायचे ठरले. तेव्हा ही भातखाचरांची, खाजणांची आणि मिठागरांची जमीन होती. आगरी आणि कोळी कुटुंबांच्या पडवीला खुराडे आणि परसात एखाददुसरी शेळी असायचीच. अडीअडचणीला बोकड विकायचा, पाहुणा आला की कोंबडी कापायची, असा तो हिशेब होता. हे ज्ञान अजून संपलेले नाही. तुमच्या जमिनीजवळच्या गावठाणात अशी एखादी आजी नक्की असेल, जी कोंबडीच्या नुसत्या चालीवरून ‘हिचं काहीतरी बिनसलंय’ हे सांगेल. पहिली कोंबडी घेण्याआधी तिची ओळख करून घ्या, बरं का.

आता पहिला प्रश्न. तुमच्या जागेवर सोमवार ते शुक्रवार कोण राहते? खुराड्याचे दार सकाळी उघडणे आणि दिवेलागणीला बंद करणे ही वर्षातून ३६५ वेळा करायची कामे आहेत. एका संध्याकाळी दार उघडे राहिले, तर मुंगूस किंवा रानमांजर त्याच रात्री सगळा हिशेब पुरा करते. तेव्हा रखवालीला जे कुटुंब ठेवाल, त्याला या कामाचा वेगळा मोबदला द्या आणि अंड्यांत, करडांत वाटा द्या. जनावर ज्याच्या हातचे खाते, त्याचा त्यावर जीव असला पाहिजे आणि थोडा हक्कही.

दुसरा प्रश्न पावसाचा. आपल्याकडे वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि तोही बहुतेक चार महिन्यांत. शेळीला थंडी सोसते, ऊन सोसते, पण ओल सोसत नाही. ओल्या जमिनीवर उभी राहिली की तिचे खूर कुजतात, छाती भरते आणि पोटात जंत वाढतात. म्हणून कोकणात शेळीला माचा हवा. जमिनीपासून तीन-चार फूट उंचीवर लाकडी फळ्या किंवा बांबूच्या पट्ट्या ठोका आणि मध्ये अर्ध्या-पाऊण इंचाच्या फटी ठेवा, म्हणजे लेंड्या व मूत्र खाली पडून वरची जागा कोरडी राहते. फट याहून मोठी ठेवू नका, करडाचा पाय अडकतो. मोठ्या शेळीला १० ते १२ चौरस फूट जागा लागते. पावसाचा मारा नैर्ऋत्येकडून येतो, तेव्हा ती बाजू बंद आणि पूर्वेची बाजू उघडी असावी. खाली पडलेल्या लेंड्या म्हणजे तुमच्या आंब्याचे आणि भाजीपाल्याचे उत्तम खत.

जात कोणती घ्यावी? धाराशिवकडची उस्मानाबादी शेळी काटक असते आणि पुष्कळदा जुळी देते. सिंधुदुर्गातली कोकण कन्याळ ही तर आपल्याच हवेतली. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने तिच्यावर बरेच काम केले आहे. लांब कानांची जमुनापारी दिसायला रुबाबदार खरी, पण ती यमुना-चंबळच्या कोरड्या हवेत वाढलेली. नुसत्या रूपावर भाळून तिला आपल्या चिखलात आणू नका. आणखी एक सांगतो. शेळी एकटी ठेवू नये. ती कळपातली आहे. एकटी पडली की ओरडून ओरडून वाळते. निदान दोन तरी घ्या. बोकड पाळायची घाई नको, वेळेला गावातला चांगला बोकड मिळतो. मात्र त्याच्या पोटच्या पाटी पुन्हा त्यालाच दाखवू नका.

खाण्याचा हिशेब कागदावर मांडा. एका मोठ्या शेळीला रोज तीन-चार किलो हिरवा पाला, किलोभर वाळला चारा आणि दोनशे-अडीचशे ग्रॅम खुराक लागतो. चार शेळ्या म्हटल्या की पालाच महिन्याला ३६० ते ४८० किलो झाला. पावसाळ्यात तो फुकट मिळतो, पण मे महिन्यात कुठून आणणार? म्हणून कुंपणाच्या कडेने शेवरी, हादगा, शेवगा लावा. सुबाभूळही चालते, पण एकूण पाल्याच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त देऊ नका, नाहीतर केस झडतात. शोभेची कण्हेर मात्र शेळीच्या वाटेत ठेवू नका. ती विषारी आहे. आणि पिशव्या! शहरातून येताना आणलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्या वाऱ्याने उडतात, शेळी त्या मिठाच्या वा खरकट्याच्या वासाने गिळते आणि त्या पोटातून पुढे सरकतच नाहीत.

यापुढचे वाक्य नीट लक्षात ठेवा, कारण हौशी लोकांच्या शेळ्या पुष्कळदा प्रेमापोटी मरतात. समजा, रविवारी तुमच्याकडे पंचवीस पाहुणे जेवले. पातेलेभर भात उरला. ‘अन्न वाया कशाला घालवायचे, शेळ्यांना घाला’ असे कोणीतरी म्हणते. शेळ्या तो आवडीने फस्त करतात. रात्री तुम्ही घरी परतता आणि सोमवारी दुपारी फोन येतो की शेळी उठत नाही. काय झाले? शेळीच्या पोटाचे चार कप्पे असतात. पहिल्या मोठ्या कप्प्यात असंख्य सूक्ष्म जंतू असतात; ते पाला-चारा कुजवून पचवतात. त्यांना सवय धाग्याची. एकदम भाताचा, पोळ्यांचा किंवा धान्याचा ढीग येऊन पडला की तो झपाट्याने आंबतो, पोटात आम्ल तयार होते आणि ते रक्तात उतरते. पोट पाण्यासारखे डबडबते, शेळी दात खाते, मान टाकते. डॉक्टर येईपर्यंत खाण्याचा सोडा पाण्यातून देतात, पण त्यावर विसंबू नका. भात शेळीला द्यायचाच नाही, हा खरा उपाय. कोंबड्यांच्या खाद्याचे पोतेही याच कारणासाठी कुलपात ठेवावे. शेळी कडी काढायला शिकते, हे ज्याने शेळी पाळली आहे त्याला सांगायला नको.

शेळी सुमारे १५० दिवसांनी विते. ज्या दिवशी बोकड दाखवला, ती तारीख भिंतीवर लिहून ठेवा आणि पुढचे पाच महिने मोजा. ती काही शनिवारची वाट पाहणार नाही. करडू जन्मले की नाका-तोंडातला चिकटा पुसावा, नाळेला टिंक्चर आयोडीन लावावे आणि पहिल्या तासाच्या आत आईचा चीक पाजावा. रोगाशी लढण्याची शक्ती करडू आईच्या पोटातून आणत नाही, ती त्याला या चिकातून मिळते. पहिल्या दिवसानंतर कितीही चीक पाजला तरी तो फायदा उरत नाही.

आता कोंबड्यांकडे वळू. सुरुवातीला दहा पुरेत. गावठी कोंबडी अंडी थोडी देते, पण खुडूक बसते आणि पिल्ले सांभाळते. गिरिराज, वनराज या सुधारित जाती परसातच वाढतात आणि अंडी जास्त देतात, पण त्या सहसा खुडूक बसत नाहीत. दोन गावठी आणि आठ सुधारित असा मेळ घातला, तर गावठी कोंबडीखाली दहा-बारा अंडी ठेवता येतात. एकविसाव्या दिवशी पिल्ले बाहेर. विकतची पिल्ले आणलीत तर पहिल्या आठवड्यात त्यांना ९५ अंश फॅरनहाइटची ऊब लागते. पुढे दर आठवड्याला ५ अंशांनी कमी करायची. तापमापक नसला तरी पिल्लेच सांगतात. दिव्याखाली एकमेकांवर चढली, तर थंडी वाजते आहे. कडेला पांगून चोच उघडून धापा टाकताहेत, तर उकडते आहे. सगळीकडे पसरून खेळताहेत, तर ठीक आहे.

खुराड्याला अर्ध्या इंचाची जाळी लावा आणि ती फूटभर जमिनीत गाडा, म्हणजे घूस व मुंगूस उकरून आत येत नाहीत. प्रत्येक कोंबडीला निदान दोन चौरस फूट जागा हवी. खाली भाताचे तूस चार-पाच इंच पसरावे. ते रोज हलवावे, ओले झाले की काढावे. बाहेर चरणाऱ्या कोंबडीलाही थोडे खाद्य घालावे लागते. बंद ठेवलीत तर दिवसाला शंभर-सव्वाशे ग्रॅम. उरणच्या किनाऱ्याकडे शिंपल्यांना तोटा नाही. त्यांचा चुरा एका भांड्यात ठेवा, अंड्याचे कवच पातळ राहणार नाही.

शेळ्या आणि कोंबड्या यांचे मित्रत्व दिवसा असू द्या. कोंबड्या लेंड्या उकरतात, त्यातल्या अळ्या, किडे, गोचिडी टिपतात. पण रात्री दोघांचे बिऱ्हाड वेगळे हवे. कोंबडीची शीट चाऱ्यात पडली की शेळी तो चारा खात नाही, आणि खाल्ला तर पोट बिघडते.

रोगांचे म्हणाल, तर टोचून घेण्यासारखा स्वस्त उपाय दुसरा नाही. शेळ्यांना पावसाळ्यापूर्वी आंत्रविषाराची लस, त्याखेरीज पीपीआरची लस, आणि पावसाआधी व नंतर जंताचे औषध. कोंबड्यांचा मोठा शत्रू मानमोडी. १९२७ मध्ये कुमाऊँतल्या राणीखेत येथे हा रोग आढळला, म्हणून आपल्याकडे त्याला राणीखेत म्हणतात. हिरवट हगवण लागते, मान पिळवटते आणि खुराडे रिकामे होते. पहिल्या आठवड्यात लासोटा लशीचा थेंब आणि पुढे आठ आठवड्यांच्या सुमारास आर-टू-बी टोचणे, एवढे केले की बरेचसे निभावते. लस बर्फात आणावी. पनवेलच्या बाजारातून गाडीच्या डिकीत तापत आलेली लस म्हणजे नुसते पाणी.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. जानेवारी २०२५ मध्ये उरण तालुक्यातल्या चिरनेर गावी बर्ड फ्लू आढळला. हे गाव १९३० च्या जंगल सत्याग्रहाने आपल्याला माहीत आहे. अशा वेळी नियमाप्रमाणे रोगाच्या जागेपासून एक किलोमीटरच्या परिघातल्या कोंबड्या, निरोगी असल्या तरी, नष्ट कराव्या लागतात. म्हणजे काय, हे जरा विचारात घ्या. तुमच्या दहा कोंबड्या ही तुमची हौस आहे. शेजारच्या घरातल्या वीस कोंबड्या हा त्या बाईचा महिन्याचा खर्च आहे. पाच कोंबड्या एकाएकी मेल्या आणि गवगवा नको म्हणून तुम्ही त्या ओढ्यात फेकल्या, तर नुकसान तुमचे नाही, तिचे होईल. उलट, तुम्ही त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवले तर रोग तिथेच अडतो. सरकारी भरपाईदेखील नष्ट केलेल्या कोंबड्यांची मिळते, आधीच मेलेल्यांची नाही. म्हणून उशीर प्रत्येकाला महाग पडतो. हिवाळ्यात आपल्या पाणथळींवर दूरदेशीचे पक्षी येतात. ते बघायला अवश्य जा, पण तेच चिखलाचे बूट घालून खुराड्यात शिरू नका. दारात चुना किंवा जंतुनाशक ठेवा, आणि मेलेल्या पक्ष्याला उघड्या हाताने शिवू नका. आजारी जनावरासाठी १९६२ या क्रमांकावर फोन करता येतो, तोही भिंतीवर लिहून ठेवा.

शेवटी एक नाजूक गोष्ट. जन्मणाऱ्या करडांपैकी निम्मे बोकड असतात. मुलांनी त्याचे नाव ठेवलेले असते, त्याला बाटलीने दूध पाजलेले असते. सहा-आठ महिन्यांनी काय करायचे? सगळे बोकड पाळणे चारचौघांना परवडत नाही, आणि ‘नेऊन टाका कुठेतरी’ असे गड्याला सांगून मुलांशी खोटे बोलणे बरे नव्हे. ‘शेळी जाते जिवानिशी, खाणारा म्हणतो वातड’ असे आपले वाडवडील म्हणत. त्यांनी शेळी कापलीही आणि तिच्या जिवाची आठवणही ठेवली. तुम्ही विका, कापा किंवा खच्ची करून ठेवा. पण निर्णय करडू घरात येण्यापूर्वी करा आणि मुलांना तो खरा सांगा.

तेव्हा कागद घ्या आणि तीन प्रश्नांची उत्तरे लिहा. दार कोण उघडणार? मे महिन्यात पाला कुठून येणार? आजारपणात कोण धावून येणार? तिन्ही ओळी भरल्या, तर दिवाळीनंतर जमीन सुकली की दोन शेळ्या आणि दहा कोंबड्या खुशाल आणा. एखादी ओळ कोरी राहिली, तर यंदा कुंपणाला शेवरी आणि शेवगा लावा, गावातल्या आजीकडे जाऊन बसा, आणि शेळी पुढच्या वर्षी घ्या. पाला आधी वाढला पाहिजे. शेळी काही पळून जात नाही, आणि तेवढ्यात आपल्यालाही उंटावरून खाली उतरायला वेळ मिळतो.